कोणता सामना?

स्विफ्टमध्ये एका क्लासमधलं व्हेरिएबल दुसऱ्या क्लासमधून वाचायचं कसं, हा प्रश्न वरवर परवानगीचा वाटतो. आतलं बाहेरच्याला दिसेल का, कुठला शब्द लिहिला की दिसेल, वगैरे. पण तो परवानगीचा नाहीच! काही न सांगता व्हेरिएबल जाहीर केलं की स्विफ्ट त्याला ‘इंटर्नल’ धरते, म्हणजे त्या मॉड्यूलमध्ये, साध्या ॲपपुरतं बोलायचं तर अख्ख्या ॲपमध्ये, ते सगळ्यांना खुलं. दार सताड उघडं असतं, हातात नसतो तो पत्ता. हे लक्षात आल्यापासून मला दुसरं काही सुचेनासं झालंय. भेटेल त्याला हेच सांगतोय, आता तुम्हालाही सांगतो.

मी टेनिस बॉलच्या स्पर्धांमध्ये स्कोअर लिहितो. आमच्या मैदानासाठी आयफोनवर चालणारं छोटंसं ॲप करावं म्हणून स्विफ्ट शिकायला घेतली. दोन क्लास तर डोळ्यांसमोरच होते. एक ‘सामना’, त्यात धावा, बळी, टाकलेले चेंडू. दुसरा ‘धावफलक’, हे सगळं मोठ्या अक्षरांत दाखवणारा. आणि ही नावं मी खरोखरच देवनागरीत दिली आहेत! स्विफ्टमध्ये नावांना युनिकोड चालतं. ॲपलच्या स्वतःच्या पुस्तकात पाय हे ग्रीक अक्षर, एक चिनी शब्द आणि चक्क प्राण्यांचे इमोजी अशी व्हेरिएबलची नावं दिलेली आहेत. राखीव शब्द, स्विफ्टमधली तयार नावं आणि अंक तेवढे रोमन ठेवावे लागतात (इथे छापताना तेही देवनागरीत लिहितोय), बाकी सगळं आपलं. रोमनमध्ये क्लासचं नाव मोठ्या अक्षराने आणि व्हेरिएबलचं लहान अक्षराने सुरू करायची रीत आहे. देवनागरीत लहान-मोठं अक्षरच नाही, तेव्हा दोन नावं वेगळीच हवीत. म्हणून क्लासचं नाव ‘सामना’, आणि प्रत्यक्ष मैदानावर चालू असलेल्या सामन्याचं नाव ‘आजचा’.

क्लास सामना {
    व्हार धावा = ०
    व्हार बळी = ०
    व्हार चेंडू = ०
}

लेट आजचा = सामना()

आता धावफलकाच्या आत जाऊन मी मनात येईल ती पहिली, सगळ्यात भाबडी ओळ मुद्दाम लिहून पाहिली: सामना.धावा. कंपायलरने तिथल्या तिथे लाल खूण केली. इन्स्टन्स मेंबर ‘धावा’ कॅनॉट बी यूज्ड ऑन टाइप ‘सामना’. किती नेमकं वाक्य आहे हे! धावा एखाद्या सामन्याच्या असतात, सामना या प्रकाराच्या नसतात. मैदानावर हे कधी जाणवत नाही, कारण कुंपणाशी उभी असलेली पोरं नुसतं विचारतात, “दादा, स्कोअर?” कोणत्या सामन्याचा, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. सगळेच तिथे उभे असतात, समोर एकच खेळ चालू असतो. कंपायलर कुठल्याच मैदानावर उभा नाही. त्याच्यासमोर सामन्याचा नुसता आराखडा आहे, आणि त्या आराखड्यावरून शंभर सामने तयार होऊ शकतात. तो विचारतो, कोणता?

मग दुसरा प्रयोग. धावफलकात लिहायचं: सामना().धावा. नुसता एक कंस जोडायचा आणि लाल खूण गायब! कंपायलर गप्प, कोड चालतो, फलकावर आकडा उमटतो. आणि तो आकडा शून्य. मैदानावर साठ धावा झालेल्या असोत की एकशेसाठ, फलक शून्यच दाखवणार. कारण त्या कंसाचा अर्थच ‘नवा सामना सुरू कर’ असा आहे. फलकाने स्वतःपुरता एक कोरा सामना जन्माला घातला, ज्यात एकही चेंडू पडलेला नाही, त्याच्या धावा वाचल्या आणि तो टाकून दिला. आकडा अगदी बरोबर आहे, फक्त भलत्याच सामन्याचा आहे! स्विफ्टमध्ये हे तपासायला तीन बरोबर-चिन्हं सलग लिहायची सोय आहे. दोन चिन्हं विचारतात की दोघांची किंमत सारखी आहे का. तीन चिन्हं विचारतात की हे दोघं एकच आहेत का, तोच तो ऑब्जेक्ट आहे का. आजचा आणि तो नवा यांच्यामध्ये तीन चिन्हं टाकली की उत्तर ‘फॉल्स’. कोड लिहिता लिहिता चालवून बघायच्या ‘प्लेग्राउंड’ खिडकीच्या उजव्या कडेला तो ‘फॉल्स’ उमटला आणि मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

तर मग पत्ता द्यायचा कसा? फलकाला जन्मतःच सामना हातात द्यायचा!

क्लास धावफलक {
    लेट खेळ: सामना
    इनिट(खेळ: सामना) {
        सेल्फ.खेळ = खेळ
    }
}

लेट मोठा = धावफलक(खेळ: आजचा)
लेट छोटा = धावफलक(खेळ: आजचा)

मग आजचा.धावा मध्ये चार मिळवायच्या, आणि मोठा.खेळ.धावा वाचायचं. चार! छोटा.खेळ.धावा? चार! दोन्ही फलकांना कुणी काही कळवलेलं नाही, कुठे आकडा उतरवून घेतलेला नाही. दोघांच्या हातात त्याच एका सामन्याचा पत्ता आहे, एवढंच. आणि इनिट न लिहिता नुसतं ‘लेट खेळ: सामना’ लिहून पाहा, कंपायलर पुढे जाऊच देत नाही, या क्लासला इनिशियलायझर नाही म्हणून अडून बसतो. म्हणजे सामन्याशिवाय धावफलक अस्तित्वातच येऊ शकत नाही. कोणता सामना, या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय प्रोग्रॅमचा जन्मच होत नाही!

याची थोरवी कळायला थोडं मागे जावं लागतं. ‘इथे अजून काहीच नाही’ असं दाखवणारा रिकामा पत्ता, ज्याला नल म्हणतात, तो टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत आणला, आणि २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कितीतरी भाषांमध्ये कुठलाही पत्ता रिकामा असू शकतो आणि ते कळतं थेट प्रोग्रॅम कोसळल्यावर. स्विफ्टमध्ये रिकामेपणाची शक्यता आधी लिहून द्यावी लागते. पावसामुळे आज सामनाच नसेल, फलक मात्र लावून ठेवायचा असेल, तर प्रकारापुढे प्रश्नचिन्ह: ‘व्हार खेळ: सामना?’. मग प्रत्येक वाचनात तेच प्रश्नचिन्ह: खेळ?.धावा. सामना असेल तर धावा मिळतील, नसेल तर ‘निल’ मिळेल, आणि त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवल्याशिवाय तो आकडा म्हणून वापरताच येत नाही. उद्गारचिन्ह टाकून जबरदस्तीने उघडायचीही सोय आहे, आत काही नसेल तर ॲप तिथेच बंद पडतं. मला ते प्रश्नचिन्हच आवडतं. ‘सामना चालू नाही’ हेसुद्धा फलकावर लिहिण्याजोगं उत्तर आहे.

आता ज्या प्रयोगाने माझी झोप उडवली तो सांगतो. वरच्या सगळ्या कोडमध्ये फक्त एक शब्द बदलायचा. ‘क्लास सामना’च्या जागी ‘स्ट्रक्ट सामना’. (आजचा बदलता यावा म्हणून त्याचं ‘लेट’ काढून ‘व्हार’ करायचं, तेवढंच.) पुन्हा चार धावा मिळवा, पुन्हा फलक वाचा. शून्य! मोठा शून्य, छोटा शून्य, आजचा मात्र चार. स्ट्रक्ट देताना त्याची प्रत दिली जाते. फलकाला मिळाला तो त्या क्षणीचा सामना. पुढे मैदानावर काय झालं याच्याशी त्याचा संबंध नाही. क्लास देताना मात्र पत्ता दिला जातो. एका शब्दात एवढं अंतर! आणि स्विफ्टमध्ये स्ट्रक्ट ही कडेला पडलेली गोष्ट नव्हे. पूर्णांक, स्ट्रिंग, ॲरे, डिक्शनरी, सगळे स्ट्रक्टच आहेत. म्हणजे ‘दुसऱ्यातलं व्हेरिएबल कसं वाचायचं’ याआधी विचारायला हवं की तो दुसरा कोण आहे, सगळ्यांनी मिळून बघायची एकच गोष्ट, की ज्याची त्याने आपापली ठेवायची किंमत.

स्कोअर लिहिणाऱ्याला हे आतून कळतं. एमसीसीच्या क्रिकेट नियमांतला तिसरा नियम स्कोअररबद्दल आहे. दोन स्कोअरर नेमायचे, आणि दोघांच्या नोंदी जुळतात ना हे त्यांनी वारंवार तपासायचं, असं तो सांगतो. एकाच खेळाच्या दोन प्रती असल्या की त्या केव्हातरी एकमेकींपासून लांब जाणारच, हे त्या नियमाने गृहीत धरलेलं आहे. कागदावर दुसरा मार्गच नाही, दोन माणसं दोन वह्यांत लिहिणार. पण स्मृतीत एकच सामना ठेवून दहा फलकांना त्याचा पत्ता देता येतो, जुळवाजुळव नावाचं कामच उरत नाही! पण डाव संपल्यावरचा निकाल गोठवून ठेवायचा असेल तर? तिथे स्ट्रक्टच हवा. माझ्या ॲपमध्ये आता ‘सामना’ हा क्लास आहे आणि ‘डावाचीनोंद’ हा स्ट्रक्ट, आणि कुठे काय हवं हे ठरवताना मला जो आनंद झाला तो कुठल्याही तयार ॲपने दिला नसता.

त्या टिंबाच्या पलीकडेही बघण्यासारखं आहे. आजचा.धावा मधलं टिंब जुनं आहे. नॉर्वेत ऑस्लोच्या संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी केलेल्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास आले, त्यांचे ऑब्जेक्ट आले, आणि ऑब्जेक्टच्या आतल्या गोष्टीपर्यंत टिंबाने जायची रीतही होती. स्मॉलटॉकने मात्र वेगळं धोरण धरलं. ऑब्जेक्टच्या आतली व्हेरिएबल्स बाहेरच्याने बघायचीच नाहीत, निरोप पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांची ऑब्जेक्टिव्ह-सी त्याच घराण्यातली, म्हणून तिच्यात सगळे ते चौकोनी कंस. तिलाही २००७ मध्ये, मॅकच्या लेपर्ड आवृत्तीबरोबर, प्रॉपर्टी आणि टिंब मिळालं. आणि स्विफ्टमध्ये या दोन्ही परंपरा एका टिंबात येऊन मिळाल्या आहेत, कारण टिंबापलीकडे साठवलेला आकडा आहे की त्या क्षणी मोजून दिलेलं उत्तर, हे बाहेरून कळतच नाही!

धावगतीचं घ्या. १४.३ षटकांत ११६ धावा झाल्या आहेत. कॅल्क्युलेटरवर ११६ भागिले १४.३ केलं तर ८.११ येतं, आणि ते चूक आहे. १४.३ म्हणजे चौदा षटकं आणि तीन चेंडू, एकूण ८७ चेंडू. ११६ भागिले ८७ गुणिले ६, बरोबर ८. हे गणित कुणी करायचं? प्रत्येक फलकाने आपापलं केलं तर कुठल्या तरी फलकावर कधीतरी ८.११ दिसणारच. म्हणून ते सामन्याच्याच आत लिहिलं:

व्हार धावगती: डबल {
    डबल(धावा) / डबल(चेंडू) * ६
}

(डबल दोनदा लिहावं लागतं, कारण स्विफ्ट पूर्णांकाचा अपूर्णांक आपण होऊन कधीच करत नाही, आणि पूर्णांकांत ११६ भागिले ८७ म्हणजे नुसता १. पहिला चेंडू पडण्याआधी भागायला शून्य असतो, तेवढी एक अट मी जोडली आहे.) बाहेरून मात्र तेच, खेळ.धावगती. फलकाला वाटतं आत धावगती नावाचं व्हेरिएबल आहे. ते नाहीच! विचारलं की मोजलं जातं. उद्या मला वाटलं की दर वेळी मोजण्यापेक्षा साठवून ठेवावं, तर सामन्याच्या आत दोन ओळी बदलायच्या, फलकाच्या कोडला हातही लावायचा नाही. बर्ट्रांड मेयर यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात हे तत्त्व म्हणून मांडलं: साठवलेलं असो की मोजलेलं, मागणाऱ्याला एकाच पद्धतीने मागता यावं. तत्त्व वाचणं वेगळं, आणि आपल्या हाताखाली एक व्हेरिएबल गणित होऊन बसलेलं बघणं वेगळं!

आणि परवानगी? तिचं खरं काम इथे सुरू होतं. वाचायला सगळ्यांना मोकळीक, हे ठीक. पण लिहायला? समजा एखाद्या फलकाच्या कोडमध्ये कुणी खेळ.धावा मध्ये परस्पर एक मिळवली. ती धाव फलंदाजाची की अवांतर? वाइड असेल तर धाव वाढते आणि षटकातला चेंडू मोजला जात नाही. लेग-बाय असेल तर चेंडू मोजला जातो पण धाव गोलंदाजाच्या खात्यावर जात नाही. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर म्हणजेच एकूण धावा, हा ताळा स्कोअरर डोळ्यांत तेल घालून सांभाळतो. नुसता ‘धावा’ हा एक आकडा बाहेरून हलवला की ताळा मोडला. त्यावर स्विफ्टमध्ये एक इतकी सुंदर सोय आहे की ती पहिल्यांदा वाचल्यावर मी तीच ओळ पुन्हा पुन्हा टाइप करत बसलो:

प्रायव्हेट(सेट) व्हार धावा = ०

कंसातला ‘सेट’ सगळं सांगतो. बदलणं खासगी, वाचणं खुलं. कुठलाही फलक धावा बघू शकतो, कुठलाही फलक त्या बदलू शकत नाही, प्रयत्न केला तर सेटर इनॲक्सेसिबल म्हणून कंपायलर अडवतो. धावा वाढवायच्या असतील तर सामन्याला सांगायचं: चेंडू नोंदव, वाइड, एक. धाव, अवांतर, चेंडू, तिन्ही खाती एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकमेकांशी ताळा ठेवून सामनाच बदलतो.

मॉड्यूलने आपले निर्णय आत झाकून ठेवावेत, बाहेर फक्त गरजेपुरतं दाखवावं, हा विचार डेव्हिड पार्नास यांनी १९७२ च्या त्यांच्या गाजलेल्या लेखात मांडला. स्विफ्टचा इतिहास या बाबतीत मोठा गंमतीचा आहे. क्रिस लॅटनर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली ही भाषा ॲपलने २ जून २०१४ ला जाहीर केली, तेव्हा पहिल्या बीटामध्ये खासगी-सार्वजनिक हा भेदच नव्हता. तो त्याच वर्षी जुलैत, एक्सकोड ६ च्या चौथ्या बीटाबरोबर आला, तीन पायऱ्यांचा. २०१६ मध्ये स्विफ्ट ३ ने ‘फाइलप्रायव्हेट’ आणि ‘ओपन’ आणले, २०२३ मध्ये ५.९ ने ‘पॅकेज’. आज सहा पायऱ्या आहेत. माझ्या ॲपला त्यातल्या दोनच पुरतात, आणि बहुतेक छोट्या ॲपना तेवढ्याच पुराव्यात असं मला वाटतं.

आता जिथे दोघांना एकमेकांची गरज पडते तिथलं. फलकाला सामना हवाच. पण बळी पडला की सामन्यानेही कुणाला तरी कळवायला हवं, म्हणजे फलक लाल होईल, भोंगा वाजेल. मग सामन्यातही एक व्हेरिएबल, त्यात फलकाचा पत्ता. फलकाकडे सामना, सामन्याकडे फलक. स्विफ्ट स्मृती मोकळी करते ती मोजणी ठेवून: या ऑब्जेक्टला किती जणांनी धरून ठेवलंय? शून्य झाले की ऑब्जेक्ट गेला. ॲपलच्या जगात ही स्वयंचलित मोजणी २०११ मध्ये ऑब्जेक्टिव्ह-सीसाठी आली, स्विफ्ट तर तिच्यासकटच जन्मली. पण दोघांनी एकमेकांना धरून ठेवलं तर दोघांची मोजणी कधीच शून्य होत नाही. सामना संपला, स्क्रीन बंद झाली, बाहेरून कुणाकडेच त्यांचा पत्ता उरला नाही, तरी ते दोघं एकमेकांच्या आधारावर स्मृतीत बसून राहतात. स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून सामन्यामागून सामने होतात, प्रत्येक संपलेला सामना मागे राहिला तर?

उत्तर एका शब्दाचं. ‘वीक’. सामन्यातल्या त्या व्हेरिएबलच्या आधी वीक लिहायचं. मग पत्ता असतो, पण त्याने धरून ठेवलं असं मोजलं जात नाही. फलक गेला की तो पत्ता आपोआप निल होतो, म्हणून त्याच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह लागतंच. कोण कुणाला धरून आहे आणि कोण कुणाला नुसतं ओळखतो, हा भेद भाषेने व्याकरणात आणून ठेवलाय! सामन्याला फलकाचं पूर्ण रूप माहीत असायचीही गरज नाही. ‘बळी पडला की ज्याला हाक मारता येईल असा कुणीतरी’ एवढाच करार प्रोटोकॉल म्हणून लिहायचा. आयफोनच्या कितीतरी जुन्या क्लासमध्ये ‘डेलिगेट’ नावाचं वीक व्हेरिएबल दिसतं ते हेच. ऑब्जेक्ट जाताना चालणाऱ्या ‘डीइनिट’मध्ये मी ‘सामना गेला’ असं छापायची एक ओळ टाकली. वीक नसताना स्क्रीन बंद केली तर काही छापलं गेलं नाही. वीक लिहिलं, स्क्रीन बंद केली, आणि कन्सोलवर ते दोन शब्द उमटले!

प्रकारालाच थेट विचारता येतील अशीही व्हेरिएबल्स असतात, ‘स्टॅटिक’ लिहून केलेली. षटकातले चेंडू सहा, हे मी स्टॅटिक लेट केलं, मग सामना.षटकातलेचेंडू चालतं, इथे ‘कोणता’ विचारायचं कारण नाही. (ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या मोसमापर्यंत आठ चेंडूंचं षटक असायचं. जुन्या सामन्यांचं ॲप करणाऱ्याला हा आकडा प्रत्येक सामन्याच्या आत न्यावा लागेल.) पण याच वाटेने ‘चालू सामना’ स्टॅटिक व्हार करून सगळीकडून वाचायचा मोह मात्र टाळावा. त्याने पत्ता देण्याचे कष्ट वाचतात, पण बाजूच्या खेळपट्टीवर दुसरा सामना सुरू झाला की सगळं कोलमडतं. शिवाय कुठूनही, कुठल्याही थ्रेडवरून बदलता येणारं असं सामायिक व्हेरिएबल २०२४ ची स्विफ्ट ६ संरक्षणाशिवाय ठेवूच देत नाही, थेट एरर देते. त्यासाठी २०२१ पासून ‘ॲक्टर’ आहेत, ज्यांच्या आतलं बदलतं व्हेरिएबल बाहेरून वाचायला ‘अवेट’ लिहून थांबावं लागतं. तो माझा पुढचा अभ्यास.

सध्या मी स्विफ्टयूआयमध्ये बुडालोय. सामन्याच्या डोक्यावर ‘@ऑब्झर्व्हेबल’ एवढं लिहायचं, ही २०२३ ची सोय. मग फलकाच्या व्ह्यूने चित्र काढताना कुठकुठली व्हेरिएबल्स वाचली याची नोंद ठेवली जाते. जो फलक फक्त धावा वाचतो तो धावा बदलल्या की पुन्हा चितारला जातो, बळी पडला तर जागचा हलत नाही, कारण त्याने बळी वाचलेलेच नाहीत! म्हणजे दुसऱ्याचं व्हेरिएबल नुसतं वाचल्याने दोघांत नातं तयार होतं, आणि ते वेगळं कुठे लिहावंही लागत नाही. मी दोन्ही फलक शेजारी ठेवून, मुद्दाम एक बळी नोंदवून, कुठला हलतो आणि कुठला नाही ते बघत बसलो होतो.

आणि काल रात्री की-पाथ सापडले. २०१७ च्या स्विफ्ट ४ मध्ये आलेली गोष्ट आहे. उलटी तिरकी रेघ, मग नाव: \सामना.धावा. हे अगदी पहिल्या भाबड्या ओळीसारखं दिसतं, पण कंपायलर आनंदाने घेतो, कारण यात धावांचा आकडा मागितलेलाच नाही. ‘सामन्यातलं धावा नावाचं जे काही आहे ते’ एवढीच वाट धरून ठेवली आहे, कोणत्याही सामन्याशिवाय! टिंबाची उजवी बाजू डावीपासून सुटी करून व्हेरिएबलमध्ये ठेवता येते, फंक्शनला देता येते, आणि हवा तेव्हा हवा तो सामना तिला जोडता येतो. बाहेरून घेतलेली ही वाट फक्त वाचायची राहते, प्रायव्हेट(सेट) तिथेही राखलं जातं. २०२० पासून तर मोसमातले सगळे सामने एका ॲरेत असले की सर्वसामने.मॅप(\.धावा) एवढ्या एका ओळीत सगळ्यांच्या धावा हातात येतात. धावांच्या जागी अवांतर लिहा, प्रत्येक सामन्यातली अवांतरं समोर.

म्हणून धावफलकाचा इनिट मी आज सकाळी पुन्हा लिहिला. आता तो दोन गोष्टी घेतो, कोणता सामना आणि त्यातलं काय. धावांचा फलक, बळींचा फलक, अवांतरांचा फलक, तिघांचा क्लास एकच. रविवारी दोन खेळपट्ट्यांवर दोन सामने आहेत, सहा फलक लावायचेत, आणि फलकाच्या कोडमध्ये एकही ओळ वाढवायची नाही.